शोकाकुलांतला अकरावा गोल

बाई,

आज दुपारी तुमचा मुलगा माझ्या दुकानात आला होता. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांत तो मला एकदाही भेटला नव्हता, त्यामुळं दारात उभा राहून बूट काढू की नको या विचारात पडलेला तो पन्नाशीचा माणूस मला आधी ओळखूच आला नाही. मग त्यानं खिशातून चष्मा काढला आणि तुम्ही पदराला पुसायचात तसा शर्टाच्या टोकाला पुसून डोळ्यांवर चढवला, तेव्हा कळलं. त्याची बदली लातूरला झालीय. नांदेडचं घर पाडून त्याच जागी नवं बांधलंय, पुढच्या आठवड्यात वास्तुशांती आहे, आणि दारात लावायच्या फ्लेक्सवर वरच्या बाजूला आई-वडिलांचे फोटो गोलात हवेत. नांदेडात ढीगभर दुकानं असताना माझ्याकडं कसे आलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आईच्या हाताखाली तयार झालेलं माणूस लातूरला आहे असं कळलं. तिचा फोटो तुमच्याच हातानं बसू द्या." मी त्याला खुर्ची दिली आणि पंखा मोठा केला. तो गेल्यावर शटर अर्धं खाली ओढून हे लिहायला बसले आहे. हे कुठं पोचायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण जे सांगायचं ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

मी तुमच्याकडं आले तेव्हा मला फक्त टायपिंग येत होतं आणि आपल्याला सगळं येतं असा समज होता. हदगावजवळच्या आमच्या गावातून बारावी करून आलेली, सहा महिन्यांचा कोर्स केलेली, आणि बाबा शेजारी टोपी हातात धरून उभे. तुम्ही बाबांना बसा म्हणालात, मला बस म्हणाला नाहीत. मला म्हणालात, "तू इथं ये आणि हा फोटो या गोलात बसव." मी बसवला. म्हणजे मी फोटोच्या कडा सगळ्या छाटून टाकल्या आणि उरलेला तुकडा गोलावर चिकटवला. तुम्ही बघितलंत आणि विचारलंत, "आता ह्याची मान थोडी वर घ्यायची म्हटलं तर काय करशील?" मानेखालचं सगळं तर मी कापून फेकलेलं. तुम्ही बाबांकडं वळून म्हणालात, "पोरगी चपळ हाय. शिकवावं लागंल, पण शिकंल." बाबांनी हे वाक्य गावात वर्षभर सांगितलं, फक्त मधला भाग गाळून.

तुमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली आणि त्याच्यामागं लगेच स्वयंपाकघर. दुपारी तुम्ही आत गेलात आणि मी उंबऱ्याशी थांबले. आमचं बौद्ध घर, तुमचं देवघरवालं. कुणाच्या घरात कुठपर्यंत जायचं हे मला लहानपणापासून न सांगता कळत आलेलं. तुम्ही चुलीकडं तोंड करूनच बोललात, "तिथं उभी राहून काय पहारा देऊन राहिलीस? आत ये आणि धपाटं उलट. माझ्या हाताला शाई हाय." तुमच्या हाताला शाई अजिबात नव्हती. शाईचं काम करणारा छापखाना तुमच्या यजमानांचा होता, ते गेले तेव्हाच तो विकला होता आणि त्या पैशांत तुम्ही पहिला कॉम्प्युटर घेतला होता, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मी आत आले आणि धपाटं उलटलं. ते मोडलं. तुम्ही मोडलेलं स्वतःच्या ताटात घेतलंत आणि त्या दिवसापासून आत यायचं की नाही हा प्रश्न मला कधी पडला नाही.

शिकवताना तुम्ही कडक होतात, पण शिकवायची तुमची भाषा अशी की आजही मी तीच वापरते. फोटो गोलात बसवला की गोलाबाहेरचा भाग दिसत नाही, पण तो असतो. उद्या लागला तर गोल उघडायचा आणि फोटो सरकवायचा. "कापायचं न्हाई, झाकायचं," एवढं तुम्ही दिवसातून दहा वेळा म्हणायचात. आणि ओळीतल्या गोलांचं तुमचं गणित तर मी माझ्या नवऱ्यालासुद्धा शिकवलं. आपल्याकडं फ्लेक्स म्हटलं की खाली शुभेच्छुकांची ओळ आलीच, दहा, पंधरा, वीस चेहरे, प्रत्येक गोलात एक, आणि एकाचा गोल केसभर मोठा झाला तरी दुसऱ्या दिवशी दुकानात भांडण. म्हणून तुम्ही एकच गोल बनवायचात आणि बाकीचे त्याच्या नकला. पहिल्याला तुम्ही थोरला म्हणायचात, नकलांना धाकटे. "थोरल्यानं फेटा बदलला की धाकट्यांनी बदलायचाच." थोरल्याला सोनेरी काठ दिला की सगळी ओळ सोनेरी. थोरला लहान केला की सगळे लहान. मला पहिल्यांदा हे दाखवलंत तेव्हा मी खुर्चीत उडाले होते आणि दुपारभर नुसते काठ बदलत बसले होते. तुम्ही मला रागावला नाहीत, उलट चहा ठेवून गेलात. एकच गोष्ट तुम्ही बजावून सांगितली होती. काठ थोरल्याच्या ताब्यात, पण आतला चेहरा ज्याचा त्याचा. तो एकेक करूनच बदलावा लागतो. तिथं घाई केली की एका नावावर दुसऱ्याचं तोंड.

म्हणून आपल्याकडं वाचन होतं. नांदेडात दुसऱ्या कुठल्या दुकानात असं करत असतील असं मला वाटत नाही. फाईल छापायला द्यायच्या आधी दोघींनी स्क्रीनसमोर बसायचं. एकीनं कागदावरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं त्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवल्याशिवाय पुढचं नाव नाही. गिऱ्हाईक समोर असलं तरी आपलं चालूच. माझं बोट नेहमी तेलकट असायचं आणि स्क्रीनवर डाग पडायचे, त्यावरून तुम्ही मला बोलायचात, आणि मी तुम्हाला म्हणायचे की तुमचं तरी कुठं स्वच्छ आहे, हळदीचं आहे. पाच वर्षं आपण असं वाचलं. वाचून दिलेल्या फाईलमध्ये पाच वर्षांत एकही तोंड चुकलं नाही, आणि तुम्हाला याचा केवढा गर्व होता ते मी बघितलेलं आहे.

मग ते गुरुजी वारले. आमच्याच हदगाव तालुक्यातल्या एका गावचे, निवृत्त मास्तर. त्यांचा पुतण्या सकाळी आला, श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे म्हणाला, दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर लागला पाहिजे. त्याच गावच्या सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दोन महिन्यांपूर्वी आपणच केलेला. पुतण्या म्हणाला, "माणसं तीच घ्या खाली. तेच अठरा. फकस्त शुभेच्छुकच्या जागी शोकाकुल करा." तो गेला आणि तुम्ही मला फाईल काढायला सांगितलीत. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, नवं लग्न झालेले नवरा-बायको होते, त्यांच्या साखरपुड्याच्या बॅनरवरचा फोटो त्यांना पूर्ण हवा होता. आणि तो मी कापलेला होता. पाच वर्षांनंतरही घाईत कधीतरी मी तसं करायचे. मूळ फोटो कुठंच नव्हता. तुम्ही त्यांच्यासमोर, आणि चहावाला कप न्यायला आलेला त्याच्यासमोर, मला म्हणालात, "किती वेळा सांगू कापू नको म्हणून? कापूस वेचायचे हात ते कापूसच वेचणार."

माझी आई रोजानं कापूस वेचायची, बाई. तुम्हाला ते माहीत होतं. संक्रांतीला ती दुकानात आली होती तेव्हा तिची चिरलेली बोटं बघून तुम्हीच तिला मलमाची डबी दिली होती. तोंडातून शब्द गेल्यावर तुमचा चेहरा कसा झाला हे मी पाहिलं, नाही असं नाही. तुम्ही ताबडतोब आत गेलात आणि अर्ध्या तासानं चुरमुऱ्यांची सुशीला करून आणलीत, वर शेंगदाणे जास्त घातलेली, मला आवडते तशी, आणि कीबोर्डशेजारी ताटली ठेवलीत. माफी मागणं तुमच्या अंगात नव्हतं, ताटली ठेवणं होतं. मी एक घास खाल्ला नाही. ती ताटली संध्याकाळपर्यंत तशीच राहिली आणि तिच्याकडं न बघता आपण दोघी तिच्या आजूबाजूनं वावरत राहिलो. आज माझं स्वतःचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांपुढं माझाही तोल जातो, आणि त्या ताटलीची मला फार आठवण येते.

फाईल मी केली. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून सरपंचाचा फोटो काढला, मध्यभागी गुरुजींचा मोठा फोटो घातला, पुतण्यानं दिलेला, पेन्शनच्या कागदावर लावायला काढलेला, ओठ घट्ट मिटलेला. फुलं काढली, समई ठेवली. मग थोरल्या गोलाचा सोनेरी काठ काळा केला आणि बघता बघता अठराच्या अठरा गोल काळे झाले. बाई, हे तुम्हाला सांगायला नको, पण तेव्हा जे होतं ते असं होतं. सगळी ओळ एका फटक्यात दुखवट्याची दिसायला लागली की काम झालं असंच वाटतं. चेहरे तेच राहणार होते, म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. सरपंचाला शुभेच्छा देणाऱ्या त्या अठरा माणसांत अकरावे स्वतः गुरुजी होते. हसरे, खाली नावासकट. तुम्ही बाहेरून आवाज दिलात, "वाचायचं का?" माझ्या मनात सकाळचं तसंच भरलेलं होतं. मी मान वर न करता म्हणाले, "मी वाचलंय." तुम्ही क्षणभर दारात थांबलात. आपल्याकडं एकटीनं वाचण्याची पद्धतच नव्हती. पण त्या दिवशी मला टोकायची तुमची हिंमत झाली नसावी. "बरं," म्हणालात. मी पेनड्राइव्ह घेतला आणि स्टेशन रोडच्या छापणाऱ्याकडं गेले.

दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्स बसस्टँडवर लागला आणि दहा वाजेपर्यंत तालुक्यातल्या निम्म्या मोबाईलवर पोचला. गुरुजी वारले आणि गुरुजीच शोकाकुल. दुपारी पुतण्या आला, सोबत गुरुजींची बायको. पुतण्याला तर बोलू की मारू असं झालेलं. "आमच्या काकाला तुमी त्यायच्याच मयतीला बसवलं. लोकं दात काढून राहिले तिथं. आमी तोंड कुठं दाखवावं?" मी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही खुर्चीवरून उठलात, हात जोडलेत आणि माझ्या आधी बोललात. "चूक माझी हाय. ही पोरगी नावं वाचून राहिली होती, बोट माझं होतं. मला दिसलं न्हाई." इतक्या सरळ बोललात की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

पुतण्या आणखी काही बोलणार होता, पण गुरुजींच्या बायकोनं हात वर केला. ती तोवर पदर तोंडाशी धरून स्क्रीनवर उघडलेल्या त्याच फाईलकडं बघत होती. ती म्हणाली, "त्यो बारका फोटू कुठला हाय? मोठ्यात लई कडक दिसून राहिलेत. घरात असे नव्हते. बारक्यात हासून राहिले, तसे होते." तुम्ही तिला शेजारी बसवून घेतलंत आणि अकरावा गोल उघडलात. आतला पूर्ण फोटो पसरला. ग्रामपंचायतीसमोरचा पार, गुरुजींच्या हातात चहाचा कप, कुणीतरी काहीतरी बोललेलं आणि ते मान मागं टाकून हसलेले. ती फोटोला हात लावून किती वेळ बसली होती. नव्या फ्लेक्सवर मध्यभागी तोच हसरा फोटो घ्या, असं तिनं सांगितलं, आणि पुतण्याला म्हणाली, "आता बस झालं तुझं. चल." त्या दिवशी आपण दोघींनी वाचलं. सतरा नावं. मी वाचली आणि तुम्ही बोट ठेवलंत, आणि तुमचं बोट प्रत्येक चेहऱ्यावर बरोबर पडत होतं.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले की बाई, तुम्ही असं का बोललात, चूक माझी होती. तुम्ही कणीक मळत होतात. म्हणालात, "मालकीण मी हाय. पाटीवर नाव माझं. माझं नाव होऊन गेलं, तुझं व्हायचंय. तालुका तुझाच हाय, उद्या तिथं कोण तुला काम देईल?" आणि मग, कणकेकडंच बघत, "काल बोलले ते मनात ठेवू नको." एवढं तुमच्या तोंडून निघायला किती जड गेलं असेल. मी म्हणाले, नाही ठेवत. तिथंच गोष्ट संपली असती तर मी आज हे लिहायला बसले नसते.

पण तुम्ही जे कबूल केलंत ते तुमच्या मुलापर्यंत पोचलं. कचेरीत त्याला कुणीतरी तो फ्लेक्स मोबाईलवर दाखवला आणि खाली आपल्या दुकानाचं नाव. तो आधीपासूनच तुमच्या मागं लागलेला की आता बस करा, आराम करा, लोक काय म्हणतील, पोरगा नोकरीला आणि आई दुकानात. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे आज मला कळतं. त्या दुपारी तो घरी आला तेव्हा तुम्ही एक लग्नपत्रिका करत होतात आणि मी शेजारी होते. तो म्हणाला, "आई, तूच म्हणालीस ना दिसलं नाही म्हणून? मग?" तुम्हाला बोलता येण्यासारखं काय होतं, माझं नाव घेतल्याशिवाय? त्यानं तुमच्या हाताखालचा माऊस अलगद काढून घेतला, लहान मुलाच्या हातून कात्री काढून घेतात तसा, आणि कॉम्प्युटर बंद केला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. दिवाळीपर्यंत पाटी उतरली.

आणि वर तुम्ही मला काय दिलंत तर तुमचं सगळं. दुकान आवरताना जुन्या पत्रिकेच्या खोक्यात भरून तीसेक सीड्या माझ्या हातात ठेवल्यात. तुम्ही इतक्या वर्षांत काढलेले काठ, वेली, कोयऱ्या, तोरणं, गोलांच्या ओळी. प्रत्येक सीडीवर तुमच्या अक्षरात, लग्न, बारसं, जयंती, दुखवटा. "लातूरला दुकान टाकायचं म्हणत होतीस ना? रिकाम्या हातानं कशी टाकशील?" मी लग्न होऊन लातूरला आले आणि त्याच खोक्यावर हे दुकान उभं राहिलं. तुम्ही आजारी आहात कळल्यावर एकदा भेटायला आले, तेव्हा तुम्ही खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होतात. बारीक अक्षरातल्या जाहिराती. मला वाचून दाखवलंत, एका वधू-वर मेळाव्याच्या जाहिरातीत गोल कसे वाकडेतिकडे बसलेत ते. तेव्हाही मी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

आज तुमच्या मुलानं आणलेला फोटो दुकानातलाच आहे. तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसलेल्या, मान वळवून बघणाऱ्या, आणि डाव्या कडेला माझं कोपर. मी गोल काढला आणि फोटो आत घातला. तुमचा मुलगा वाकून बघत होता. मी गोल उघडून फोटो थोडा वर सरकवला, थोडा उजवीकडं घेतला, तुमचा चेहरा बरोबर मध्यात आला आणि माझं कोपर बाहेर गेलं. तो खूश झाला. मग खुर्चीत मागं टेकून हसत म्हणाला, "आईचा तो किस्सा तुम्हाला आठवतो ना? मेलेल्या मास्तरला शोकाकुलांत बसवलं होतं तिनं. आमच्या घरात अजून सांगतो आम्ही. नातवंडंसुद्धा सांगतात. बिचारीची नजर गेली होती आणि मान्य करायला तयार नव्हती." त्याच्या आवाजात माया होती, बाई. टिंगल नव्हती. त्यामुळंच मला ते सोसलं नाही. तुमच्या नातवंडांना तुमच्याबद्दल जे ठाऊक आहे त्यातली एक गोष्ट ही, आणि ती माझी आहे.

मी माऊस सोडला आणि म्हणाले की तो फ्लेक्स मी केला होता. वाचायचं होतं, मी वाचू दिलं नाही. त्यांचं बोट त्या स्क्रीनला लागलंच नव्हतं. तो आधी तसाच हसत राहिला, मी तुमची बाजू घेतेय असं त्याला वाटलं असावं. मग हसू थांबलं. तो स्क्रीनवरच्या तुमच्याकडं वळला. त्यानं विचारलं, "म्हणजे तिची नजर चांगली होती?" मी म्हणाले, शेवटच्या महिन्यात त्या मला पेपरातल्या बारीक जाहिराती वाचून दाखवत होत्या. तो म्हणाला, "मी तिच्या हातातला माऊस काढून घेतला होता." मी म्हणाले, मी तिथंच होते. जाताना त्यानं मला नमस्कार केला आणि म्हणाला, चूक कुणाच्याही हातून होते, तुम्ही लहान होतात, मनाला लावून घेऊ नका. नव्या घराला यायचं आमंत्रणही देऊन गेला.

तर आता ते, ज्यासाठी लिहायला बसले. तुमच्या मुलाला मी चूक झाली एवढंच सांगितलं. तुम्हीही तेच मानत होतात, की पोरगी रुसली होती, घाईत राहून गेलं. स्टेशन रोडच्या त्या दुकानात छापायच्या आधी फाईल मोठ्या स्क्रीनवर उघडतात. तिथं अकराव्या गोलात गुरुजी मला दिसले होते, बाई. स्पष्ट दिसले होते, नाव वाचण्याइतके. मशीन अजून सुरू व्हायचं होतं आणि मोबाईल माझ्या हातात होता. तुम्हाला एक फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, म्हणून दोघींनी वाचायचं असतं. तेवढं एक वाक्य मला त्या दिवशी तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. छापणाऱ्यानं विचारलं, "लावू का?" आणि मी हो म्हणाले.